दोन आखूड, दोन लांब

गुमान बारेलाची जीप तीन दिवस
रुबाब तडवींच्या गॅरेजात, विटांच्या चार थप्प्यांवर.
चाकं नाहीत. पोटाखाली अंधार,
अंधारातून बाहेर आलेले चाचांचे फक्त पाय.

जुनं हौजिंग तुटलं वैजापूरच्या वर, नाल्यात,
आत चौदा माणसं, दोन बोकड, मक्याची पोती.
नवं आणलंय धुळ्याच्या भंगारातून,
दुसऱ्याच गाडीचं, जास्त दणकट,
मातीनं माखलेलं, पण क्राऊनचा दात न् दात शाबूत.
गुमान त्याच्याभोवती फिरला बैल पारखावा तसा
आणि शेवटी एक बोट आत घालून वास घेतला.

पाट्यांवर बसलं. यू-बोल्ट कसले. ब्रेकची नळी पोचली.
मग जॉइंट शाफ्ट उचलला
आणि तो बसेना.

"वेल्डिंग मारी दे ना, चाचा. शनवारना बाजार शे."
"कान घासा थोडे ग्राइंडरनं," शेजारचा टायरवाला.
चाचा खालून सरपटत निघाले, पाठभर ग्रीस आणि धूळ,
"नेहेतेच्या पोरीले बोलाव. व्हर्नियर तिच्यापाशी आहे."

ती पोर मी.
अण्णांची नजर गेल्यापासून त्यांच्या लेथवर बसते.

कप मोजला: सत्तावीस.
नव्या कानाचं घर: सत्तावीस.
मग झालं की, म्हणाले सगळे.
झालं नव्हतं.
या कानापासून त्या कानापर्यंत
जुनं ब्याऐंशी, नवं ब्याण्णव.
दहा मिलीमीटर. करंगळीच्या नखाएवढी फट,
आणि त्या फटीत चौदा माणसं, दोन बोकड.

फट दिसली की लोकांना काहीतरी भरायचं असतं.
वॉशर, पत्रा, समजूत.
चाचा भरत नाहीत.
उभ्या गाडीला खोटं पचतं, म्हणतात,
फिरणाऱ्या लोखंडाला नाही.

मी जळगावला फोन लावला.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, गाडीचं नाव सांगा.
नाव नको, म्हटलं, माप लिहून घे.
ही पुढून एक गाडी आहे, मागून दुसरी.
दोन हात ब्याऐंशीचे, दोन ब्याण्णवचे.
बराच वेळ फोनमध्ये त्याचा पंखा ऐकू येत राहिला.
"आहे ताई. एकच आहे. कुणी नेत नाही
म्हणून फळीच्या मागं पडला होता."

संध्याकाळच्या एसटीत ड्रायव्हरच्या पायाशी बसून आला,
तेलकट कागदात, तळहातावर मावेल एवढा.
दोन हात आखूड, दोन लांब,
अधिकाचं चिन्ह काढताना कुणी धक्का द्यावा तसा.
मी तो उगीच जरा वेळ धरून ठेवला.

सावद्याहून पाहायला आलेल्यांनी मलाही मोजलं होतं:
उंची, रंग, शिक्षण, नखांतलं काळं.
कळवतो म्हणाले.
व्हर्नियर नव्हतं त्यांच्याकडं.

कप आत गेले. चिमट्यानं लॉक सोडला,
टिच.
ते ऐकायला टायरवालाही हातातली पंक्चर सोडून आला.
मग चाचांनी शाफ्टवर खडूची रेघ ओढली,
दोन्ही टोकांचे कान एका रेषेत आणले.
स्प्लाइनचा एक दात जरी चुकला तरी
गाडी पन्नासला थरथरते,
आणि लोक चाकांना शिव्या देतात.

शनिवारी दुपारी जीप लेथसमोरून गेली,
टपावर चार जण, मागं लटकलेले तीन.
मी मशीन बंद करून ऐकलं.
ऐकण्यासारखं काही नव्हतं.
गुमाननं हॉर्नसुद्धा दिला नाही.

जुना क्रॉस पडला आहे इथं, पान्यांच्या डब्यात.
अण्णा कधी तो हातात घेतात,
बोटांनी चारी हात चाचपतात, सारखे लागतात.
"हा तं चांगला आहे वं अजून."
चांगलाच आहे, अण्णा.
त्याची गाडी बदलली.